दोन बोटं सैल

अठरा प्रश्न. प्रत्येकाखाली पाच चौकोन.
अजिबात नाही, थोडं, बरं, बरंच, पूर्ण.
त्यातले "पूर्ण" मोजून
महिनाअखेर परभणीहून वर कळवायचे असतात.

गंगाखेडच्या केवळाबाईंनी सगळीकडे पाचच दिले.
"पाचच लिव्ह माय, तुला वरून कुणी बोलू नये."
मी फाइल मिटली, त्या चहा ठेवायला उठल्या,
तेव्हा पदर सरकला आणि दिसली
पिशवीच्या कडेला लावलेली वायरमनची काळी पट्टी.
चहा घेतला. पाच तसेच ठेवले.

मानवतला मुंजाजी टेलर.
आतड्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली.
पोटाच्या डाव्या अंगाला जे लाल, ओलसर तोंड काढलंय
त्याला ते पाहुणा म्हणतात.
"पाहुणा कधी बोलंल, नेम न्हाई बगा."
गिऱ्हाईक आलं की मशीनचं पायडल जोरात मारतात.

प्रश्न सहा. पिशवी बदलायला नीट शिकवलं का?
"शिकवलं की. तुम्हीच तर शिकवलं."
मी चार लिहिते,
ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात, पाच का नाही म्हणून.

प्रश्न नऊ. पिशव्या वेळेवर मिळतात का?
"मिळतात."
मागच्या दोरीवर, लेस आणि नाड्यांच्या गुंड्यांमध्ये
एक पिशवी धुऊन वाळत घातलेली.
माझी नजर तिथं गेलेली बघून म्हणतात,
"उन्हाळ्यात टँकर आठव्या दिवशी.
अन् घामानं कड सुटती. मंग पुरवून पुरवून वापरायची."

प्रश्न चौदा. समारंभांना जाता का?
"भाच्याच्या लग्नाला गेलतो ना, जिंतूरला."
पंगतीत बसलात?
सुई ओवता ओवता दोरा दोनदा चुकला.
"मांडवामागं जनरेटर व्हता.
त्याच्यापाशी पत्रावळ घिऊन बसलो.
तिथं कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत न्हाई."
मग किती लिहू?
"लिहा चार. लगीन चांगलं झालं."

मी मापाचं कार्ड काढलं, गोल भोकांचं.
ते पडद्यामागं आले, सदरा वर धरला.
पाहुणा आकसला होता. अठ्ठावीस भरला.
पिशवी अजून बत्तीसचीच कापत होते,
आणि मधल्या त्या चार मिलिमीटरच्या कड्यात
कातडी सोललेली, उकडलेल्या टोमॅटोसारखी.
बत्तीस हा आकडा त्यांच्या कार्डावर
माझ्या अक्षरात होता. खाली माझी सही.
"दुखत होतं तर सांगायचं ना," मी म्हटलं.
म्हटलं, आणि लगेच वाटलं, गप्प बसले असते तर.

मुंजाजींनी सदरा खाली सोडला,
गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळत राहिले.
"शिष्टर, माप घेताना माणूस पोट आत घेतो.
सांगावं लागत न्हाई, घेतोच.
म्हातारा असू द्या, लेकरू असू द्या.
म्हणून आमी टेपमधी दोन बोटं घालून माप धरतो.
न्हाईतर दिवाळीचा सदरा
संक्रांतीला घालाया येत न्हाई."
आणि हसले. स्वतःच्या बोलण्यावर नाही,
तेवढ्यात पाहुणा बोलला म्हणून,
आणि पायडल लांब होतं म्हणून.
मीही हसले.

नवं भोक मी तिथंच कापून दिलं.
त्यांनी कात्री माझ्या हातातून काढून घेतली,
"कापडाची हाय, पलास्टिकावर मोडंल," म्हणाले,
आणि दुसरी दिली, जुनी, गंजलेली.

आता स्टँडवर पाथरीहून येणाऱ्या गाडीची वाट बघतेय.
प्रश्न अठरा, एकूण समाधान, रिकामा आहे.
फाइल मांडीवर. समासात पेन्सिलीनं लिहिलं:
अठ्ठावीस. जनरेटर. टँकर.
संगणकावर भरणारा पोरगा विचारणार, मॅडम, हे कुठं टाकू.

मंगळवारी पुन्हा गंगाखेडला जायचंय.
फाइल नेणार नाही.
मापाचं कार्ड, कात्री, पिशव्यांचं एक पाकीट,
आणि केवळाबाईंचा पदर हलेपर्यंत
बसायला लागेल तेवढा वेळ.